कार्ड, संघ आणि समोरचा माणूस : अमेरिकन बेसबॉल-कार्डविषयक चार पुस्तकांचा चिकित्सक विचार

१. प्रस्तावना

अमेरिकेच्या लोकजीवनात बेसबॉल या खेळाला जे स्थान आहे, त्याचा विचार केवळ मैदानापुरता करून भागत नाही. हा खेळ तेथील घराघरांत पोहोचला तो वर्तमानपत्रे, रेडिओ, दूरचित्रवाणी यांच्याबरोबरच एका लहानशा पुठ्ठ्याच्या तुकड्यातून. सुमारे अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच असे हे बेसबॉल-कार्ड. त्याच्या दर्शनी बाजूस खेळाडूचे छायाचित्र, नाव आणि संघ, तर मागील बाजूस त्याच्या कामगिरीची आकडेवारी असते. तंबाखू आणि पुढे च्युइंगगम यांच्या पाकिटातून ही कार्डे विकली गेली. मुलांनी ती जमवली, खेळात लावली, हरली-जिंकली आणि मुख्यतः एकमेकांशी अदलाबदल करून आपापल्या आवडत्या संघाचे संच पूर्ण केले.

या छंदाविषयी इंग्रजीत बरेच लेखन झाले आहे. त्यातील चार पुस्तकांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ब्रेंडन बॉइड व फ्रेड हॅरिस यांचे ‘द ग्रेट अमेरिकन बेसबॉल कार्ड फ्लिपिंग, ट्रेडिंग अँड बबल गम बुक’ (१९७३), डेव्ह जेमिसन यांचे ‘मिंट कंडिशन’ (२०१०), जॉश विल्कर यांचे ‘कार्डबोर्ड गॉड्स’ (२०१०) आणि ब्रॅड बालुकजियन यांचे ‘द वॅक्स पॅक’ (२०२०) ही ती पुस्तके होत. आठवणी, इतिहास, आत्मकथन आणि प्रवासवर्णन असे त्यांचे वाङ्मयप्रकार वेगवेगळे आहेत. तथापि गमावलेल्या गोष्टीची हळहळ या सर्वांत समान आहे. नेमके काय गमावले, या प्रश्नाला मात्र ही पुस्तके वेगवेगळी उत्तरे देतात. कोणी म्हणते बालपण, कोणी म्हणते कार्डांचे मोल, कोणी म्हणते नाती. या उत्तरांच्या मागे आणखी एक उत्तर दडलेले आहे. कार्डांच्या व्यवहारातून जी गोष्ट हळूहळू नाहीशी झाली ती म्हणजे अदलाबदलीसाठी समोर बसलेला, दुसऱ्या संघावर प्रेम करणारा माणूस. हे विधान तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. वस्तू आणि तिचे चरित्र

वस्तूंच्या सामाजिक अभ्यासात १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज’ या ग्रंथाचे स्थान महत्त्वाचे आहे. मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी तो संपादित केला. या ग्रंथातील इगोर कोपिटॉफ यांच्या निबंधात वस्तूलाही माणसाप्रमाणे चरित्र असते, अशी मांडणी आहे. एकच वस्तू आयुष्याच्या एका टप्प्यावर विक्रीचा माल असते, तर दुसऱ्या टप्प्यावर ती बाजारातून बाहेर काढली जाते आणि कोणासाठी तरी एकमेव ठरते. त्याही आधी, १९२५ साली, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी भेटवस्तूंविषयीच्या प्रसिद्ध निबंधात देणे, घेणे आणि परतफेड करणे या तीन बंधनांतून समाजात नाती कशी टिकतात हे दाखवले होते.

बेसबॉल-कार्डाला या दोन्ही विचारांची कसोटी लावता येते. कार्ड जन्माला येते ते निखळ व्यापारी हेतूने. १८८० च्या दशकात अमेरिकेतील सिगारेट उत्पादकांनी पाकीट ताठ राहावे आणि ग्राहक पुन्हा यावा म्हणून चित्रकार्डे घालण्यास सुरुवात केली. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेला संच आज ‘टी २०६’ या नावाने ओळखला जातो. पिट्सबर्ग संघाचा होनस वॅग्नर याचे या संचातील कार्ड फार थोड्या संख्येने बाहेर पडले आणि पुढे ते या छंदातील सर्वांत ख्यातनाम कार्ड ठरले.

‘टी २०६’ हे नाव तंबाखू कंपनीने दिलेले नाही. ते न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे राहणाऱ्या जेफरसन बर्डिक या संग्राहकाच्या वर्गीकरणातून आले. संधिवाताने जखडलेल्या या गृहस्थाने अमेरिकेतील छापील कार्डांची सूची तयार केली, संग्राहकांसाठी पत्रिका चालवली आणि ठिकठिकाणच्या संग्राहकांशी टपालाने कार्डांची देवाणघेवाण केली. ३ लाखांहून अधिक कार्डांचा आपला संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टला दिला. तो चिकटवह्यांत लावण्याचे काम त्याने जानेवारी १९६३ मध्ये संपवले आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात त्याचे निधन झाले. व्यापाऱ्याने ग्राहकासाठी काढलेली वस्तू संग्राहकांच्या परस्परव्यवहारातून सार्वजनिक ठेवा कशी बनते, याचे हे ठळक उदाहरण होय.

उत्पादक आणि संग्राहक यांचे हेतू परस्परविरुद्ध असतात, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. १९३३ साली गाउडी या च्युइंगगम कंपनीने २४० क्रमांकांचा संच जाहीर केला, परंतु १०६ क्रमांकाचे कार्ड त्या वर्षी काढलेच नाही. मुले ते शोधत राहिली आणि गम विकत घेत राहिली. तक्रारी आल्यानंतर १९३४ साली नॅप लाजवे या निवृत्त खेळाडूचे कार्ड छापून ते तक्रारदारांना टपालाने पाठवण्यात आले. संच अपुरा राहण्यात कंपनीचा लाभ होता, तर संच पुरा होण्यात मुलांचा आनंद. या दोहोंमधील दरी मुलांनी बुजवली ती प्रामुख्याने अदलाबदलीने.

३. संघनिष्ठ संग्रहाचे गणित

सर्व कार्डांचा संच जमवणे आणि एकाच संघाची कार्डे जमवणे यांत मूलभूत फरक आहे. १९७५ सालच्या टॉप्स कंपनीच्या संचात ६६० कार्डे होती. त्या वेळी प्रमुख साखळीत २४ संघ होते. म्हणजे एका संघाच्या वाट्याला सरासरी २७ कार्डे, आणि विक्रमांची, पुरस्कारांची कार्डे वगळली तर त्याहूनही कमी. दहा कार्डांचे एक पाकीट फोडले तर आपल्या संघाचे एखादे कार्ड निघण्याचीही खात्री नव्हती. सरासरी पाहता दोन-तीन पाकिटांमागे एक कार्ड हाती येई. बॉस्टन रेड सॉक्सच्या चाहत्याच्या हातात उरत ती न्यूयॉर्क यँकीज, सिनसिनाटी रेड्स, ओकलंड ए’ज यांची कार्डे.

सर्वांचा जीव एकाच संघावर जडला असता तर देवाणघेवाण अशक्य झाली असती. बॉस्टनच्या चाहत्याला यँकीजचे कार्ड नकोसे असते आणि यँकीजच्या चाहत्याला तेच हवे असते, म्हणून दोघांचे भागते. अर्थशास्त्राच्या भाषेत, पसंतीतील भिन्नतेमुळे विनिमयानंतर दोघांचेही समाधान वाढते आणि कोणाचेही नुकसान होत नाही. समाजशास्त्राच्या भाषेत, प्रतिस्पर्धी संघाचा चाहता हा येथे गरजेचा माणूस ठरतो. मैदानावर ज्याचा पराभव व्हावा असे वाटते त्याच्याच खिशात आपल्या संघाची कार्डे असतात. निष्ठेतील भेद हाच या व्यवहाराचा पाया आहे, ही गोष्ट साधी असली तरी या विषयावरील लेखनात तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

संघनिष्ठ संग्रहाचे दुसरे वैशिष्ट्य सामान्य खेळाडूंविषयीच्या दृष्टीत आहे. या छंदाच्या परिभाषेत ज्या कार्डाला विशेष मागणी नाही त्यास ‘कॉमन’ म्हणतात. बाजाराच्या दृष्टीने सर्व ‘कॉमन’ सारखेच आणि सारखेच स्वस्त. परंतु ज्याला आपल्या संघातील प्रत्येकजण हवा आहे त्याच्यासाठी राखीव यष्टिरक्षकाचे, म्हणजे बेसबॉलमधील दुय्यम ‘कॅचर’चे, कार्डही तितकेच आवश्यक असते. त्याच्यावाचून वहीतील एक खण रिकामा राहतो. तारांकित खेळाडू आणि बाकावर बसलेला खेळाडू यांना एका रांगेत आणणारी ही दृष्टी बाजाराने निर्माण केलेली नाही. ती निष्ठेतून आलेली आहे.

४. ‘फ्लिपिंग, ट्रेडिंग अँड बबल गम बुक’ : दोघांचे पुस्तक

बॉइड आणि हॅरिस यांचे पुस्तक या परंपरेतील आद्य पुस्तक मानले जाते. १९५० च्या दशकातील मुलांचे जग, कोपऱ्यावरचे खाऊचे दुकान, कार्डांचे खेळ आणि पुढे एकेका खेळाडूच्या कार्डावरील खट्याळ टिपणे अशी त्याची रचना आहे. ही टिपणे थोरांची चरित्रे नव्हेत. विसरले गेलेले, अपयशी ठरलेले, विचित्र नावांचे, कॅमेऱ्यासमोर अवघडून उभे राहिलेले खेळाडू हा त्यांचा खरा विषय आहे. टोकदार उपहास आणि त्यामागील माया यांचे मिश्रण हे या शैलीचे सामर्थ्य होय.

पुस्तकाच्या लांबलचक नावातील तीन क्रिया-पदार्थ लक्षणीय आहेत. ‘फ्लिपिंग’ म्हणजे कार्ड हवेत उडवून छापा-काट्याप्रमाणे पडू देण्याचा खेळ. त्याला दोन खेळाडू लागतात. ‘ट्रेडिंग’ म्हणजे अदलाबदल; तीही दोघांशिवाय होत नाही. उरतो तो गम. तो मात्र एकट्याने चघळता येतो. पुस्तकाचे नाव अशा रीतीने दोन तृतीयांश सामाजिक आहे. पुस्तक दोघांनी मिळून लिहिले आहे, हेही या ठिकाणी अर्थपूर्ण ठरते. त्यातील स्मृती एकट्याची नाही. ती मित्रांमध्ये फिरलेली, घासली गेलेली, पुन्हा पुन्हा सांगून तयार झालेली स्मृती आहे. विनोदाला श्रोता लागतो आणि या पुस्तकातील विनोद तो श्रोता गृहीत धरतो.

तरीही पुस्तकाच्या उत्तरार्धात रचनेमुळे एक गोष्ट घडते. प्रत्येक पानावर एक कार्ड आणि त्यावरील टिपण असा क्रम आल्यामुळे ते कार्ड कोणाकडून आणि कशाच्या बदल्यात आले हा तपशील गळून पडतो. कार्डाचा विषय झालेला खेळाडू पुढे येतो. कार्ड देणारा मुलगा मागे राहतो. पूर्वार्धात जो ‘आम्ही’ नांदता आहे तो उत्तरार्धात केवळ सुरात उरतो. या परंपरेतील पुढील लेखनाने कार्डाकडे पाहण्याची हीच चौकट स्वीकारली, हे महत्त्वाचे आहे.

या ‘आम्ही’च्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. या जगात मुली जवळजवळ नाहीत. शिवाय बॉस्टन परिसरातील १९५० च्या दशकातील संघनिष्ठेचा एक अर्थ आज वेगळ्या प्रकाशात दिसतो. जॅकी रॉबिन्सन १९४७ साली ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळला आणि प्रमुख साखळीतील वर्णभेदाची भिंत मोडली. परंतु रेड सॉक्स संघाने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पंप्सी ग्रीन, मैदानात उतरवला तो १९५९ साली. सर्व संघांत सर्वांत शेवटी. म्हणजे त्यापूर्वी ज्या मुलाने केवळ आपल्या संघाची कार्डे जमवली त्याच्या वहीत एकही कृष्णवर्णीय चेहरा असणे शक्य नव्हते. विली मेज किंवा हँक ॲरन यांची कार्डे त्याने पाकिटातून मिळवली तरी संघनिष्ठेच्या नियमाने ती दुसऱ्याला देऊन टाकावीत. मुलांच्या मनात दुजाभाव असो वा नसो, संघाच्या मालकांनी घेतलेला निर्णय मुलांच्या वहीपर्यंत असा पोहोचत होता. १९७३ च्या पुस्तकाचा भर या प्रश्नावर नाही. आजच्या वाचकाने मात्र तो प्रश्न घेऊनच ही पाने उलटली पाहिजेत. अन्यथा आस्वादाचे रूपांतर निव्वळ स्मरणरंजनात होण्याचा धोका आहे.

५. ‘मिंट कंडिशन’ : आकड्याचे आगमन

जेमिसन यांचे पुस्तक इतिहासपर आहे. आईवडिलांच्या घरातून परत मिळालेली लहानपणची कार्डे विकायला काढल्यावर त्यांना कवडीचीही किंमत नसल्याचे लेखकाला आढळते, आणि या धक्क्यातून कार्डव्यवसायाचा शोध सुरू होतो. तंबाखूकाळ, बर्डिक, टॉप्स, लिलाव आणि बनावटगिरी असा मोठा पट या पुस्तकात सुसूत्रपणे मांडलेला आहे. या विषयाचा विश्वसनीय आणि वाचनीय इतिहास म्हणून त्याचे मोल निर्विवाद आहे.

या इतिहासातील निर्णायक वळण १९७९ ते १९९१ या काळात येते. जेम्स बेकेट या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाने सहकाऱ्यासमवेत १९७९ साली कार्डांची किंमत-पुस्तिका प्रसिद्ध केली आणि १९८४ पासून त्याचे मासिक सुरू झाले. १९८० साली टॉप्सच्या मक्तेदारीविरुद्ध न्यायालयाचा निर्णय आला आणि १९८१ साली फ्लीअर व डॉनरस या कंपन्यांनी आपापले संच बाजारात आणले. पुढच्याच टप्प्यावर अपिलात तो निर्णय फिरला तरी स्पर्धा थांबली नाही. १९८९ साली अप्पर डेकची महागडी कार्डे आली. गुंतवणूक म्हणून खोकीच्या खोकी साठवली जाऊ लागली. छपाई इतकी वाढली की पुढे या कार्डांना किंमत उरली नाही. १९९४ चा खेळाडूंचा संप आणि त्या वर्षी रद्द झालेली वर्ल्ड सिरीज यांनी उरलासुरला उत्साहही ओसरला.

जेमिसन यांच्या मते ही फुग्याची कथा आहे: किंमत फुगली आणि फुटली. ही मीमांसा चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. किंमत-पुस्तिकेने किमती वाढवल्या हे खरे. त्याहून खोलवरचा परिणाम अदलाबदलीच्या स्वरूपावर झाला. पूर्वी दोन मुले एकमेकांसमोर बसत तेव्हा प्रत्येकाच्या मनात वेगळे मोजमाप असे. एकाला नकोसे तेच दुसऱ्याला मोलाचे. पुस्तिका आल्यावर दोघेही एकाच आकड्याकडे पाहू लागले. तीन डॉलरचे कार्ड तीन डॉलरच्या कार्डाशीच बदलायचे, असा दंडक निर्माण झाला. जेथे दोघांची मोजमापे एक होतात तेथे अदलाबदलीतून मिळणारे समाधानही शून्याकडे झुकते, आणि अदलाबदलीपेक्षा विक्री अधिक सोयीची ठरते. विक्रीला समोरच्या माणसाची आवड-निवड माहीत असावी लागत नाही.

या मांडणीवर एक रास्त आक्षेप घेता येईल. किंमत ही बेकेटने आणलेली गोष्ट नव्हे. बर्डिकच्या सूचीतही कार्डांची अंदाजी किंमत दिलेली होती. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. फरक आहे तो आकड्याच्या अधिकारात. काही मोजक्या प्रौढ संग्राहकांच्या हाती असलेली सूची ही मार्गदर्शक होती. दर महिन्याला बदलणारे आणि शाळकरी मुलाच्या दप्तरात असलेले मासिक हे न्यायाधीश झाले. दुसरा आक्षेप असा की, पुस्तिकेमुळे लहान मुलांची फसवणूक थांबली. मोठी मुले लहानांना गंडवून चांगली कार्डे लाटत, ही गोष्ट कोणत्याही खेळगड्याला पटण्यासारखी आहे. आकडा दुर्बळाचे रक्षण करतो, हे येथेही खरे ठरते. तथापि रक्षणासाठी आलेला आकडा पुढे संबंधाचीच जागा घेतो, हा त्या लाभाचा मोबदला होय.

या प्रक्रियेचे टोक म्हणजे कार्डाची प्रतवारी. १९९१ साली सुरू झालेल्या संस्थेने कार्ड तपासून, त्याला गुण देऊन, ते प्लॅस्टिकच्या बंद पेटीत घालून देण्याची पद्धत रूढ केली. प्रतवारीचा पहिला मान मिळालेले वॅग्नरचे कार्ड त्याच वर्षी ४,५१,००० डॉलरला विकले गेले होते. या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली पूर्वीच्या विक्रेत्याने २०१३ साली न्यायालयात दिली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये १९५२ च्या टॉप्स संचातील मिकी मँटलचे कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. याच संचाची न खपलेली खोकी टॉप्सने १९६० साली अटलांटिक महासागरात बुडवली होती. कंपनीला अडगळ वाटलेली वस्तू अर्धशतकानंतर संपत्ती ठरली. मधल्या काळात तिला जपणाऱ्या हातांचा मात्र त्या पेटीवर कोठेही उल्लेख नसतो.

६. ‘कार्डबोर्ड गॉड्स’ : एकट्याचा संग्रह

विल्कर यांचे पुस्तक चारही पुस्तकांत वाङ्मयीन दृष्ट्या सर्वांत सकस आहे. १९७० च्या दशकात व्हरमाँट राज्यातील लहानशा गावात वाढलेल्या मुलाची ही आत्मकथा. रूढ चौकटीबाहेरचे कुटुंब, दूर न्यूयॉर्कला राहणारे वडील, मोठा भाऊ आणि रेड सॉक्सवरील भक्ती यांची कहाणी एकेका कार्डाच्या निमित्ताने उलगडते. पुस्तकाचे विभागही कार्डांच्या पाकिटांप्रमाणे योजलेले आहेत. कार्डावरील खेळाडूचा चेहरा, त्याच्या पाठीवरील आकडे आणि निवेदकाचे आयुष्य यांची सांधेजोड कोठेही ओढूनताणून आणलेली वाटत नाही. १९७३ च्या पुस्तकातील टिपणाची पद्धत येथे आत्मशोधाचे साधन बनते, ही विल्कर यांची मोठी कमाई आहे.

परंतु याच पुस्तकात अदलाबदलीचे जग सर्वाधिक आक्रसलेले आहे. निवेदकाचा ‘समोरचा माणूस’ म्हणजे त्याचा भाऊ. दोघे मिळून पाकिटे आणतात, कार्डे पाहतात. भाऊ वयाने पुढे जातो, त्याचे लक्ष इतरत्र वळते आणि कार्डे एकट्याची होतात. शीर्षकातील ‘देव’ हा शब्द या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. देवाची अदलाबदल करता येत नाही. पूजेला दुसऱ्या पंथाचा माणूस लागत नाही. अदलाबदलीला मात्र तोच लागतो. कार्ड देव झाले की त्याचे चलनवलन थांबते. विल्कर यांना याची जाणीव असावी असे पुस्तकाच्या एकाकी सुरावरून वाटते. पण हा एकाकीपणा ते कुटुंबाच्या मोडतोडीशी आणि वाढत्या वयाशी जोडतात. छंदाच्या सामाजिक रचनेत झालेला बदल हे त्याचे आणखी एक कारण असू शकते, हा विचार या पुस्तकात विकसित होत नाही.

याचा अर्थ पुस्तक उणे ठरते असा नाही. आत्मकथनाने समाजशास्त्र लिहावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. किंबहुना भावाचे दूर जाणे हे ज्या संयमाने येथे येते त्यातूनच वाचकाला कळते की, मुलाला हवी होती ती कार्डे नव्हेत, तर कार्डांवर बोलायला कोणीतरी. लेखकाने सिद्धान्त म्हणून न सांगितलेली ही गोष्ट कलाकृती आपल्या अंगाने सांगून जाते.

७. ‘द वॅक्स पॅक’ : कार्डामागचा माणूस

बालुकजियन हे जीवशास्त्राचे महाविद्यालयीन अध्यापक. १९८६ सालचे मेणकागदात बांधलेले टॉप्सचे एक न फोडलेले पाकीट त्यांनी उघडले आणि त्यात निघालेल्या खेळाडूंना प्रत्यक्ष भेटण्यासाठी २०१५ च्या उन्हाळ्यात ते मोटारीने देशभर फिरले. फिलाडेल्फिया फिलीज संघाचा डॉन कारमन हा त्यांचा बालपणीचा आवडता खेळाडू; तो थोरांच्या यादीतला नव्हे. पाकिटातील खेळाडू निवडीने आलेले नसून योगायोगाने एकत्र आले आहेत, ही कल्पना पुस्तकाला मोकळेपणा देते. वडील-मुलाचे संबंध, निवृत्तीनंतरची पोकळी, अपयशाशी केलेली तडजोड असे विषय त्यातून पुढे येतात.

‘कॉमन’ मानल्या गेलेल्या खेळाडूला माणूस म्हणून भेटणे ही या पुस्तकाची नैतिक भूमिका आहे. संघनिष्ठ संग्राहकाच्या वहीत जी समान जागा त्या खेळाडूला मिळत होती, तिचाच हा विस्तार म्हणता येईल. मात्र येथेही शोध घेतला जातो तो कार्डावरच्या माणसाचा. कार्ड ज्यांनी एकमेकांना दिले-घेतले त्यांचा शोध हा अद्याप न लिहिला गेलेला प्रवास आहे. चार पुस्तकांच्या या क्रमात अशा रीतीने एक रिकामा खण राहतो.

८. आजचे चित्र

संघनिष्ठ अदलाबदल पूर्णपणे संपली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. आपल्याकडे नसलेल्या कार्डांची यादी तयार करणे, ती दूरच्या संग्राहकाला पाठवणे, त्याच्या संघाची कार्डे निवडून ठेवणे आणि टपालाने लिफाफे पाठवणे ही बर्डिकच्या काळातील रीत आजही टिकून आहे. अशा व्यवहारात पुष्कळदा किमतीचा हिशेब काटेकोरपणे केला जात नाही. समोरच्याने मूठभर कार्डे अधिक घातली तर पुढच्या खेपेस त्याची भरपाई करावी, असा संकेत असतो. मॉस यांनी सांगितलेली देणे, घेणे, परतफेड ही त्रयी येथे तंतोतंत दिसते. हिशेब पूर्ण न मिटवणे हेच संबंध चालू ठेवण्याचे साधन ठरते.

याच्या शेजारीच व्यापाराने एक नवी पद्धत रूढ केली आहे. कार्डांचे बंद खोके अनेकांनी मिळून घ्यायचे, प्रत्येकाने एकेका संघाचा वाटा विकत घ्यायचा आणि विक्रेत्याने खोके सर्वांसमक्ष फोडून ज्याच्या संघाची कार्डे त्याला द्यायची. छंदाच्या भाषेत यास ‘ब्रेक’ म्हणतात. संघाच्या लोकप्रियतेनुसार वाट्याची किंमत ठरते. निष्ठांमधील जो भेद पूर्वी दोन माणसांना एकत्र बसवत होता, तोच भेद येथे दरपत्रक तयार करतो. वाटणी पूर्वीसारखीच होते. संभाषण होत नाही. जानेवारी २०२२ मध्ये फॅनॅटिक्स या क्रीडासाहित्य व्यवसायातील मोठ्या कंपनीने टॉप्सचा कार्डव्यवसाय विकत घेतला. उत्पादनाचे असे केंद्रीकरण झाल्यानंतर संग्राहकांच्या आपसातील व्यवहारांना किती अवकाश उरतो, हा प्रश्न अभ्यासकांसाठी महत्त्वाचा आहे.

९. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात. पहिला, संघनिष्ठ कार्डसंग्रह हा वरकरणी मालकीचा छंद असला तरी त्याची पूर्तता दुसऱ्याच्या भिन्न निष्ठेवर अवलंबून असते. दुसरा, किंमत-पुस्तिका आणि प्रतवारी यांनी कार्डाला सर्वमान्य आकडा दिला. त्यातून फसवणुकीला आळा बसला, परंतु आवडीनिवडीतील जो भेद अदलाबदलीला अर्थ देत होता तो निष्प्रभ झाला. तिसरा, या विषयावरील साहित्याने सामान्य खेळाडूला प्रतिष्ठा दिली, ही त्याची लक्षणीय कामगिरी आहे. अदलाबदलीतील सहभागी मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिला. चौथा, या साहित्यातील ‘आम्ही’ हा वर्ण आणि लिंग यांच्या मर्यादांत घडलेला असल्याने त्याच्याकडे चिकित्सक दृष्टीने पाहणे आवश्यक आहे.

वॉल्टर बेंजामिन यांनी १९३१ साली आपल्या ग्रंथसंग्रहाविषयी लिहिताना संग्रहाचा अर्थ त्याच्या मालकाशी निगडित असतो, मालकाविना तो अर्थ हरवतो, असा विचार मांडला होता. ग्रंथसंग्रहाच्या बाबतीत तो पटण्याजोगा आहे. अदलाबदलीतून घडलेल्या कार्डसंग्रहाच्या संदर्भात मात्र त्यात भर घालावी लागते. अशा संग्रहाचा अर्थ एका मालकात मावत नाही. बॉस्टनच्या चाहत्याच्या वहीतील पूर्ण झालेले प्रत्येक पान हे यँकीजच्या कोण्या चाहत्याच्या वहीतील तशाच एका पानाचे दुसरे अंग असते. ती दोन पाने शेजारी ठेवून वाचणारे पुस्तक अद्याप यावयाचे आहे.